वेठीच्या नोंदवहीपासून लॉगबुकापर्यंत : कर्जत–खालापूर परिसराच्या संदर्भात शासकीय वाहन व सेवकवर्गाच्या वापराचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश :

शासकीय वाहने व कर्मचारी यांचा लोकसेवकांकडून खासगी कामासाठी वापर होतो, हा आरोप स्वातंत्र्योत्तर काळात वारंवार ऐकू येतो. त्याची चर्चा बहुधा व्यक्तीच्या नीतिमत्तेपुरती मर्यादित राहते. प्रस्तुत शोधनिबंधात या प्रश्नाची ऐतिहासिक पार्श्वभूमी तपासली आहे. त्यासाठी रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर हे तालुके अभ्यासक्षेत्र म्हणून घेतले आहेत. वेठ, सरबराई, वतनी चाकरी, शासकीय जीप आणि माथेरानची हातरिक्षा या टप्प्यांतून पाहता एक गोष्ट स्पष्ट होते. पद आणि व्यक्ती यांतील सीमारेषा सदिच्छेने टिकलेली नाही. ती नोंदीने टिकलेली आहे, आणि ही नोंद कोणाच्या नावाने ठेवली जाते याला निर्णायक महत्त्व आहे.

बीजसंज्ञा : वेठ, सरबराई, वतनी सेवक, शासकीय वाहन, लॉगबुक, लोकसेवक.

प्रस्तावना :

एखादे शासकीय वाहन सुटीच्या दिवशी विवाहसमारंभाच्या मंडपाबाहेर उभे दिसले, अथवा कार्यालयातील शिपाई साहेबांच्या घरचा बाजार आणताना आढळला, तर गावात कुजबुज होते. कोणी तक्रार करतो, कोणी 'हे चालायचेच' म्हणून सोडून देतो. या दोन्ही प्रतिक्रियांना इतिहास आहे. शासकीय साधन हे अधिकाऱ्याचे नसून जनतेचे आहे ही कल्पना आज शालेय पुस्तकातही आढळते. मात्र ग्रामीण महाराष्ट्राच्या अनुभवात ती तुलनेने नवी आहे. त्यापूर्वी कित्येक पिढ्या अधिकाऱ्याचे ओझे वाहणे, त्याच्या जनावरांना वैरण पुरविणे, त्याच्या तंबूवर पहारा देणे हे रयतेचे आणि विशेषतः अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींचे कर्तव्य मानले जात होते. त्या व्यवस्थेत 'गैरवापर' हा शब्दच संभवत नव्हता. कारण योग्य वापर कोणता, हेच ठरलेले नव्हते.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत : (१) शासकीय प्रवासासाठी लोकांचे श्रम व साधने घेण्याच्या प्रथेचे स्वरूप स्पष्ट करणे, (२) ही प्रथा कोणत्या कायदेशीर व सामाजिक संघर्षांतून मोडीत निघाली ते पाहणे, (३) स्वातंत्र्योत्तर काळातील वाहन व सेवकवर्गाच्या कथित गैरवापराचा प्रश्न या परंपरेशी कोठे जोडला जातो व कोठे वेगळा पडतो, याचे विवेचन करणे. कोणत्याही विद्यमान अधिकाऱ्यावर वा लोकप्रतिनिधीवर दोषारोप करणे हा येथे हेतू नाही.

अभ्यासक्षेत्र :

कर्जत तालुका ब्रिटिश काळात प्रारंभी ठाणे जिल्ह्यात होता. १८९१ मध्ये तो कुलाबा जिल्ह्यात समाविष्ट झाला. खालापूर हा त्याच परिसरातील महाल असून तेथील कारभार महालकरी पाहत असे. १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या या प्रदेशात ठाकूर, कातकरी व महादेव कोळी या आदिवासी समाजांची वस्ती लक्षणीय आहे.

या प्रदेशाचे ऐतिहासिक महत्त्व घाटवाटांमुळे आहे. १६६१ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी कारतलबखानाचा पराभव केला ती उंबरखिंड आज खालापूर तालुक्यात मोडते. खोपोलीचे तळे व महादेवाचे मंदिर नाना फडणविसांनी बांधविले. घाट चढण्यापूर्वीचा तो मुक्काम होता. १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. १८५६ मध्ये पळसदरी ते खोपोली हा लोहमार्ग सुरू झाला आणि १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे धावू लागली. सत्ता आणि सैन्य ज्या वाटेने सतत जाते, त्या वाटेवरच्या गावांना सत्तेच्या प्रवासाचा भार उचलावा लागतो. म्हणून हा परिसर प्रस्तुत विषयासाठी उपयुक्त ठरतो.

सरबराई आणि वेठ :

राज्याने रयतेकडून काय घ्यावे व काय घेऊ नये, याची जाणीव मराठी राज्यकर्त्यांना नव्हती असे नाही. चिपळूणजवळ हलवर्ण येथे तळ दिलेल्या घोडदळाला शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. सैनिकांनी कुणब्यांकडून दाणा, गवत व लाकूडफाटा बळाने घेऊ नये. लागेल ते बाजारातून विकत घ्यावे, असा त्याचा आशय आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही आरमारासाठी लागणारे लाकूड मालकाच्या संमतीने व मोबदला देऊन घ्यावे, असे धोरण मांडलेले आढळते. तथापि अशा आज्ञा वारंवार द्याव्या लागत, यावरूनच प्रत्यक्ष व्यवहार वेगळा असावा असे अनुमान निघते. शिवाय वेठ ही या काळातही महसूलव्यवस्थेचाच एक भाग होती. सरकारी कामासाठी विनामोबदला श्रम देणे ही रयतेची बांधिलकी मानली जाई.

ब्रिटिश राजवटीने ही प्रथा निर्माण केली नाही. परंतु ती आपल्या सोयीने वापरली. जिल्हाधिकारी व प्रांत अधिकारी हिवाळ्यात फिरतीवर निघत. तंबू, दप्तर, खानपानाचे साहित्य, नोकरचाकर व घोडे असा लवाजमा बरोबर असे. मुक्कामाच्या गावी गाड्या, बैल, हमाल, सरपण, वैरण, दूध व कोंबड्या यांची सोय पाटील-कुलकर्ण्यांनी करावयाची असे. या साऱ्याला सरबराई म्हणत. मोबदला देण्याचा नियम असला तरी तो मधल्या माणसांच्या हातून जात असे. शेवटी ज्याने बैल दिले किंवा ओझे वाहिले त्याच्या पदरात किती पडले, हे तपासण्याची सोय नव्हती.

या संदर्भात कायद्यांची भाषा लक्षात घेण्यासारखी आहे. बंगालमधील १८०६ चा अकरावा रेग्युलेशन हा सैन्याची वाहतूक व प्रवाशांना साहाय्य या दोन्ही गोष्टींसाठी होता. म्हणजे कूच करणारी पलटण आणि प्रवास करणारा साहेब यांची गरज एकाच कायद्यात बसविली गेली. १८२० च्या तिसऱ्या रेग्युलेशनने माणसांना बळाने बिगारी म्हणून धरण्यास तेथे मनाई केली. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७४ ने एखाद्याला त्याच्या इच्छेविरुद्ध बेकायदेशीरपणे श्रम करण्यास भाग पाडणे हा एक वर्षापर्यंतच्या कारावासाचा गुन्हा ठरविला. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही तरतूद कलम १४६ मध्ये आली आहे. मात्र कलमातील 'बेकायदेशीरपणे' या शब्दाने मोठी पळवाट ठेवली होती. जी वेठ रूढी, वतन किंवा स्थानिक आदेश यांच्या आधाराने घेतली जाई, ती बेकायदेशीर आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी निरक्षर वेठकऱ्यावर येऊन पडत असे.

चौक ते माथेरान : १८५० चे एक उदाहरण

या परिसरातील एक सुपरिचित घटना प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने वेगळ्या अंगाने पाहता येते. मे १८५० मध्ये ठाण्याचे जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट बोरघाटाकडून परत येत असता चौक गावी मुक्कामास होते. चौक आज खालापूर तालुक्यात आहे. समोरचा डोंगर चढून पाहावा असे त्यांच्या मनात आले. चौकच्या पाटलाला बरोबर घेऊन ते वन ट्री हिलच्या बाजूने वर गेले आणि माथेरान इंग्रजी जगाला 'सापडले'. पुढे मॅलेट यांनी तेथे 'द बाईक' नावाचे घर बांधले. १८५५ मध्ये गव्हर्नर लॉर्ड एलफिन्स्टन यांनी माथेरानला भेट दिली आणि थंड हवेचे ठिकाण म्हणून त्याचा लौकिक वाढला.

पर्यटनाच्या इतिहासात ही घटना शोधकथा म्हणून सांगितली जाते. प्रशासनाच्या इतिहासात मात्र तीतून काही प्रश्न उपस्थित होतात. मॅलेट यांची फिरती सरकारी होती. संध्याकाळची चढाई सरकारी होती की वैयक्तिक? बरोबर आलेला पाटील हा गावचा अधिकारी म्हणून आला, वाटाड्या म्हणून आला, की जिल्हाधिकाऱ्यांना नकार देता येत नाही म्हणून आला? मॅलेट यांनी काही गैर केले असे यातून सूचित करावयाचे नाही. त्यांच्या काळात हे प्रश्न कोणाला पडलेच नाहीत, हा येथे मुद्दा आहे. जिल्हाधिकारी जेथे जाईल तेथे सरकार जाते, अशी धारणा होती. त्यामुळे त्याचे काम आणि त्याची हौस यांसाठी लागणाऱ्या माणसांचा हिशेब वेगळा ठेवण्याचे कारण नव्हते.

याच डोंगरावर पुढे दुसरे चित्रही दिसते. नेरळहून माथेरानला जाणाऱ्या पाहुण्यांसाठी पालखी, तट्टू व हमाल मिळत आणि त्यासाठी पैसे मोजावे लागत. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या पुढाकाराने नेरळ–माथेरान लोहमार्ग सुरू झाला. तिकीट काढून बसणाऱ्या प्रवाशाचे आणि वाहतुकीचे नाते करारावर उभे असते. वेठीतील नाते हुकुमावर उभे असते. एकाच पायथ्याशी ही दोन्ही नाती काही काळ शेजारी शेजारी नांदत होती.

वतनी सेवक आणि अमर्याद चाकरी :

फिरतीवरच्या अधिकाऱ्याचा सर्वांत मोठा आधार गावचा वतनी सेवक हा होता. पाटील-कुलकर्णी ही वरिष्ठ वतने, तर महार वतन हे कनिष्ठ वतन मानले जाई. सरकारी टपाल पोचविणे, महसुलाच्या कामी लोकांना बोलावणे, खजिन्याबरोबर जाणे, आलेल्या अधिकाऱ्याला पुढच्या गावापर्यंत पोचविणे, त्याच्या मुक्कामी सरपण व वैरण आणणे अशी कामे वतनदार महारांकडून घेतली जात. १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत अधिकारपद कायद्याने या चाकरीला कायदेशीर चौकट दिली. तथापि कामाचे तास, कामाचे स्वरूप आणि कोणत्या खात्याने हुकूम द्यावा, यांना निश्चित मर्यादा घातली नाही.

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार वतने रद्द करून एक दिशा दाखविली. मुंबई इलाख्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मार्च १९२८ मध्ये कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. वतनदार महार हा एका खात्याचा नव्हे तर सर्व खात्यांचा नोकर आहे. त्याची चाकरी रात्रंदिवसाची आहे. तो हजर नसेल तर घरातील दुसऱ्याला राबावे लागते. आणि सरकारकडून मिळणारा मोबदला नाममात्र आहे, ही त्यांची मांडणी होती. या स्थितीला ते वेठ व गुलामगिरी म्हणत. विधेयक १९२९ मध्ये मागे घ्यावे लागले. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या मांडणीचे मर्म असे की, ज्या चाकरीला सीमा नाही तिचा गैरवापर सिद्ध करता येत नाही. टपाल नेणारा माणूस साहेबाच्या घोड्यासाठी गवत कापतो तेव्हा तो सरकारी काम करतो की खासगी, हे ठरविण्यासाठी आधी सरकारी काम म्हणजे काय ते लिहिलेले असावे लागते.

स्वातंत्र्यानंतर १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यातील कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली आणि त्या जागी वंशपरंपरेने बांधलेला नव्हे, तर नेमणूक झालेला कोतवाल आला. जन्माने ठरणारी चाकरी संपली, हा मोठा बदल होता. तरी गावात येणाऱ्या प्रत्येक खात्याच्या अधिकाऱ्याने कोतवालाला हाक मारावी, ही सवय कायद्याबरोबर लगेच संपली असे म्हणता येत नाही.

प्रतिकार : गोध्रा, बागेश्वर आणि ठाण्याचे जंगलपट्टे

वेठीविरुद्धचा राजकीय प्रतिकार कर्जत–खालापूरपुरता मर्यादित नव्हता. तो व्यापक पटावर पाहावा लागतो. नोव्हेंबर १९१७ मध्ये मुंबई इलाख्यातील गोध्रा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली पहिली गुजरात राजकीय परिषद भरली. लोकमान्य टिळकही तेथे उपस्थित होते. परिषदेने वेठीचा प्रश्न हाती घेतला. त्यानंतर वल्लभभाई पटेल यांनी विभागीय आयुक्त प्रॅट यांच्याशी पत्रव्यवहार केला आणि वेठ बेकायदेशीर असल्याची माहिती जनतेपर्यंत पोचविण्याची तयारी दर्शविली. कायदा लोकांच्या बाजूने असूनही लोकांना तो ठाऊक नव्हता. त्यामुळे माहिती देणे हीच चळवळ ठरली.

जानेवारी १९२१ मध्ये कुमाऊँतील बागेश्वर येथे उत्तरायणीच्या यात्रेत बद्रीदत्त पांडे यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी कुली-बेगार न देण्याची शपथ घेतली आणि गावोगावच्या कुलींच्या नोंदवह्या सरयू नदीत सोडून दिल्या. तेथील 'बर्दायश' म्हणजे आपल्याकडील सरबराईच होय. या प्रसंगातील नोंदवह्यांचे महत्त्व विशेष आहे. त्यांत ओझे वाहण्याची पाळी कोणाची, हे लिहिलेले असे. साहेबाचे ओझे किती, ते सरकारी होते की घरगुती, याची चौकशी त्या वह्या करीत नसत. नोंद होती, परंतु ती बांधील माणसाची होती, बांधणाऱ्याची नव्हती. म्हणूनच लोकांना ती बुडवावीशी वाटली.

कर्जतच्या उत्तरेकडील ठाणे जिल्ह्यात वेठीचे दुसरे रूप प्रखर होते. १९३० च्या दशकाच्या अखेरीस डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने मुंबई प्रांतातील आदिवासींच्या स्थितीचा अहवाल तयार केला. जमीनदार कुळांकडून सक्तीने श्रम घेत असल्याचे त्यात नमूद झाले. १९४५ मध्ये गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ नाकारली. ही वेठ खासगी होती. तरीही तिचा टिकाव लागण्यामागे अधिकारी व जमीनदार यांची जवळीक होती. जो अधिकारी जमीनदाराच्या बंगल्यावर उतरतो, त्याच्याकडे जमीनदाराविरुद्ध तक्रार नेणे वेठकऱ्याला अवघड जाते. सरबराई ही केवळ आर्थिक पिळवणूक नव्हती. न्याय मागण्याची वाट अरुंद करणारी ती व्यवस्था होती.

आंतरराष्ट्रीय पातळीवर १९३० च्या सक्तीच्या श्रमाविषयीच्या कराराने वाहतुकीसाठीचे सक्तीचे श्रम शक्य तितक्या लवकर बंद करावेत असे सांगितले. तोपर्यंत ते घ्यावे लागले तर कामावर असलेल्या अधिकाऱ्यांच्या प्रवासासारख्या मर्यादित कारणांसाठीच घ्यावेत, अशी अट घातली. 'कामावर असलेला' ही अट पद आणि व्यक्ती यांना वेगळे करणारी होती. भारताने १९५४ मध्ये या कराराला मान्यता दिली.

राज्यघटना, जीप आणि लॉगबुक :

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीस मनाई केली. त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडाने सार्वजनिक प्रयोजनासाठी सेवा सक्तीची करण्याची मुभा राज्याला दिली. मात्र धर्म, वंश, जात वा वर्ग या कारणांवरून भेदभाव करता येणार नाही, असे बजावले. वतनी व्यवस्थेची दोन्ही वैगुण्ये येथे दूर केलेली दिसतात. भार एका जातीवर टाकता येत नाही आणि प्रयोजन सार्वजनिक असावेच लागते. याचे उत्तम उदाहरण निवडणुकीच्या काळात दिसते. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १६० नुसार वाहने अधिग्रहित करता येतात. परंतु त्यासाठी लेखी आदेश लागतो आणि कलम १६१ नुसार मोबदला द्यावा लागतो. जुन्या वेठीत गाडी धरली जाई. येथे ती आदेशाने घेतली जाते व तिचे भाडे चुकते केले जाते.

१९५२ मध्ये सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि ग्रामीण भागात शासकीय जीप हे विकासाचे चिन्ह बनले. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. गटविकास अधिकाऱ्याबरोबरच पदाधिकाऱ्यांनाही शासकीय वाहन मिळू लागले. कर्जत व खालापूरच्या दुर्गम वाड्यांपर्यंत कृषी, आरोग्य व शिक्षण खात्यांची माणसे पोचली ती बहुतांशी याच वाहनांमुळे. अधिकाऱ्याच्या प्रवासाचा खर्च आता गावाने नव्हे तर शासकीय तिजोरीने उचलावयाचा, हे तत्त्व येथे प्रत्यक्षात उतरले. रयतेच्या बैलांची जागा शासनाच्या इंजिनाने घेतली.

या बदलाबरोबर आलेली साधी वस्तू म्हणजे लॉगबुक. त्यात तारीख, निघण्याचे व पोचण्याचे ठिकाण, वेळ, किलोमीटरचे आकडे, भरलेले इंधन, प्रवासाचे कारण आणि वापरणाऱ्या अधिकाऱ्याची स्वाक्षरी असते. बागेश्वरच्या नदीत बुडालेल्या वहीशी तिची तुलना केली म्हणजे बदलाचे स्वरूप लक्षात येते. त्या वहीत वाहणाऱ्याचे नाव होते. या वहीत वापरणाऱ्याचे आहे. जबाबदारीची बाजू उलटली, हेच प्रशासनाच्या लोकशाहीकरणाचे लहानसे पण ठोस लक्षण आहे.

तरीही या नोंदीला मर्यादा आहेत. लॉगबुक लिहितो चालक आणि स्वाक्षरी करतो त्याचा वरिष्ठ. साहेबांनी मुलांना शाळेत सोडावयास सांगितले, तर चालकाने कारणाच्या रकान्यात काय लिहावे? खरे लिहिले तर वरिष्ठाची नाराजी ओढवते. 'कार्यालयीन काम' असे लिहिले तर खोट्या नोंदीचा दोष त्याच्याकडे जातो. पुढे चौकशी झाली तर पहिला जाब त्यालाच विचारला जाण्याची शक्यता असते. वेठीच्या काळी नकार देण्याची ताकद वेठकऱ्यापाशी नव्हती. कनिष्ठ कर्मचाऱ्याला नोकरीचे संरक्षण आहे, वेतन आहे. परंतु प्रत्यक्ष नकाराची किंमत आजही त्यालाच मोजावी लागते. म्हणून वाहनाचा गैरवापर आणि सेवकाचा गैरवापर हे दोन वेगळे प्रश्न नसून एकाच प्रश्नाची दोन अंगे आहेत.

गैरवापराचा आरोप : न्यायालये व कायदे

सेवकवर्गाच्या गैरवापराचा स्वतंत्र भारतातील सर्वांत गाजलेला निर्णय १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयात लागला. राजनारायण यांच्या याचिकेवर न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची निवड रद्द ठरविली. शासकीय सेवेत असलेल्या यशपाल कपूर यांचे निवडणुकीसाठी साहाय्य घेणे, आणि सभांचे मंच, ध्वनिक्षेपक व वीज यांच्या व्यवस्थेसाठी उत्तर प्रदेशातील अधिकाऱ्यांचा उपयोग करणे, ही त्यामागील दोन कारणे होती. पुढे नोव्हेंबर १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय फिरविला. दरम्यान कायद्यात दुरुस्त्या झाल्या होत्या आणि देशात आणीबाणी लागू होती. १९७९ मध्ये आदर्श आचारसंहितेत सत्ताधारी पक्षासाठी स्वतंत्र भाग आला. शासकीय दौरा व प्रचार यांची सांगड घालू नये आणि शासकीय वाहने व कर्मचारी प्रचारासाठी वापरू नयेत, असे त्यात स्पष्ट झाले.

फौजदारी कायद्याची रचनाही अभ्यासण्यासारखी आहे. लोकसेवकाने केलेला विश्वासघात भारतीय दंड संहितेच्या कलम ४०९ खाली गंभीर गुन्हा होता आणि भारतीय न्याय संहितेतही तो आहे. मात्र ही तरतूद मालमत्तेविषयी बोलते. वाहन व इंधन मालमत्ता आहेत. शिपायाचे चार तास या व्याख्येत सहज बसत नाहीत. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील गुन्हेगारी गैरवर्तनाची व्याख्याही २०१८ च्या दुरुस्तीने मालमत्तेचा अपहार व बेकायदा संपत्ती यांपुरती आक्रसली. परिणामी लिटरभर पेट्रोलचा हिशेब मागता येतो, परंतु माणसाच्या श्रमाचा प्रश्न बहुधा खातेनिहाय चौकशीपुरता उरतो. ज्या व्यवस्थेविरुद्ध वेठविरोधी लढा झाला तीत मानवी श्रम हाच केंद्रबिंदू होता, हे लक्षात घेता ही उणीव चिंताजनक आहे.

काही बदल निश्चितच झाले आहेत. महाराष्ट्राने १९७१ मध्ये लोकायुक्त कायदा केला. २००२ च्या राज्य कायद्याने आणि २००५ च्या केंद्रीय माहिती अधिकार कायद्याने नागरिकाला शासकीय अभिलेख पाहण्याचा हक्क मिळाला. त्यामुळे लॉगबुक हे केवळ कार्यालयाअंतर्गत कागद राहिले नाही. वाहनावरील लाल दिव्याच्या वापरावर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये मर्यादा घातल्या आणि १ मे २०१७ पासून तो मान्यवरांच्या वाहनांवरून हटविण्यात आला. ऑगस्ट २०२० मध्ये रेल्वे मंडळाने अधिकाऱ्यांच्या निवासस्थानी नेमल्या जाणाऱ्या, 'बंगला प्यून' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खलाशांच्या नव्या नेमणुका थांबविल्या. २०२४ मध्ये पुण्यातील एका परिविक्षाधीन सनदी अधिकाऱ्याने खासगी मोटारीवर दिवा लावल्याचा व स्वतंत्र दालन आणि कर्मचारी मागितल्याचा आरोप राज्यभर गाजला. येथे उलट प्रकार होता. शासकीय वाहन खासगी कामाला लावण्याऐवजी खासगी वाहनाला शासकीय रूप दिल्याचा आरोप होता. दोन्हींच्या मुळाशी मात्र पद आणि व्यक्ती एकच मानण्याची जुनी धारणा आहे.

माथेरान : वाहनाविना प्रशासन

विवेचनाच्या अखेरीस पुन्हा कर्जत तालुक्यातील माथेरानकडे वळणे आवश्यक आहे. फेब्रुवारी २००३ मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित झाला. रुग्णवाहिकेसारखे अपवाद वगळता तेथे मोटारींना मज्जाव आहे. दस्तुरी नाक्यावर मंत्र्यांची गाडी थांबते आणि पर्यटकाचीही. शासकीय वाहनाच्या गैरवापराचा प्रश्न येथे उद्भवत नाही. परंतु वाहन नाही म्हणून श्रमाचा प्रश्न सुटत नाही. तो उघडा पडतो. मोटारीच्या जागी येथे माणसाने माणसाला ओढण्याची हातरिक्षा होती. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेशी विसंगत ठरवून सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आणि रिक्षाचालकांचे ई-रिक्षाद्वारे पुनर्वसन करण्याचा आदेश राज्य शासनाला दिला.

हातरिक्षा ओढणारा मजुरी घेतो, म्हणून तो वेठकरी नव्हे, असे म्हणता येईल. परंतु १९८२ मध्ये एशियाड बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आर्थिक निकड हीसुद्धा सक्ती असू शकते, असे मान्य केले होते. मॅलेट यांच्या चढाईनंतर पावणेदोनशे वर्षांनी त्याच डोंगरावर श्रम आणि प्रतिष्ठा यांचा प्रश्न न्यायालयासमोर यावा, ही बाब या परिसराच्या इतिहासात नोंद घेण्याजोगी आहे.

निष्कर्ष :

१. शासकीय साधनांचा गैरवापर ही केवळ आधुनिक विकृती नाही. अधिकाऱ्याची सोय हेच सरकारी काम मानणाऱ्या वेठ व सरबराईच्या परंपरेचे ते अवशिष्ट रूप आहे.

२. वतनी चाकरीचा मुख्य दोष तिच्या अमर्यादपणात होता. आजही शिपाई, चालक व तत्सम कर्मचाऱ्यांची कर्तव्ये जेथे 'वरिष्ठ सांगतील ती कामे' अशा शब्दांत लिहिली जातात, तेथे हा दोष कायम राहतो.

३. कुलींच्या नोंदवहीपासून लॉगबुकापर्यंतचा प्रवास हा नोंदीची बाजू बदलण्याचा प्रवास आहे. वापरणाऱ्याच्या नावाने ठेवलेली, वेळेवर भरलेली आणि नागरिकाला पाहता येणारी नोंद प्रामाणिक अधिकाऱ्यालाही खोट्या आरोपापासून वाचविते. नोंद नसेल तर दोषीही सुटतो आणि निर्दोषही संशयात राहतो.

४. वाहन व इंधन यांच्या तुलनेत सेवकाच्या श्रमाला कायद्याचे संरक्षण अपुरे आहे. खरी नोंद करणाऱ्या चालकाला व खासगी काम नाकारणाऱ्या शिपायाला अभय मिळेल, अशी तरतूद झाल्याशिवाय लॉगबुक हे अर्धेच साधन राहील.

चौकच्या पाटलाला १८५० मध्ये डोंगर चढण्यास नकार देता आला असता का, याचे उत्तर कोणत्याही दप्तरात सापडत नाही. त्याच परिसरातील एखाद्या कार्यालयातील चालकाला आज असा नकार देता येतो का, याचे उत्तर मात्र शोधता येण्यासारखे आहे. आणि स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी ते शोधणे आवश्यक आहे.